आमचे कुर्डुवाडी स्टेशन

भगिनींनो, गावाचा इतिहास सांगायचा म्हटला की कोणी पडकी गढी दाखवते, कोणी जुने देऊळ. कुर्डुवाडीकरांना मात्र बोट दाखवावे लागते ते स्टेशनाकडेच. आधी गाव वसले आणि मग आगगाडी आली, असा सर्वत्र क्रम. आपल्याकडे स्टेशनाभोवती गाव वाढले. आणि गंमत अशी की त्या स्टेशनाला नाव होते दुसऱ्याच गावाचे, ‘बार्शी रोड’!

मुंबई-ठाणे गाडी 1853 साली सुरू झाली. पुण्याहून सोलापूरकडे निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग 1859 साली आपल्यापर्यंत पोचला. त्या वेळी बोरघाटातील काम अपुरे होते. मुंबईहून निघालेल्या उतारूने खोपोलीस उतरावे, पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडी धरावी, अशी यातायात 1863 पर्यंत चालली.

हा मार्ग बार्शीला शिवला नाही. बार्शी ही तर कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. तेथला माल बैलगाड्यांत भरून येथवर आणावा लागे. रस्ता सुमारे वीस-बावीस मैलांचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली म्हणजे बैलांचे आणि गाडीवानांचे काय हाल होत असतील, हे आपल्या शेतकरी भगिनींना सांगायला नको.

ही बैलगाड्यांची रांग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराच्या डोळ्यांत भरली. त्याने पुढाकार घेऊन बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली आणि 1897 साली आपल्या स्टेशनापासून बार्शीपर्यंत छोटी गाडी धावू लागली. मोठ्या मार्गाची रुंदी साडेपाच फूट, हिची अवघी अडीच. हलक्या रुळांवरून गाडी चालावी म्हणून चाकांच्या कोणत्याही जोडीवर पाच टनांहून अधिक भार येऊ नये, अशी आखणी त्याने केली होती. 1906 साली ही गाडी पंढरपूरला, 1911 साली निजामाच्या मुलखातील लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. लातूर ते मिरज हा सुमारे दोनशे मैलांचा पट्टा; त्याच्या मधोमध आपले जंक्शन.

आता गावाच्या वाढीचे मर्म पाहा. दोन मार्गांची रुंदी निराळी, म्हणून एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नसे. कापसाची प्रत्येक गासडी आणि धान्याचे प्रत्येक पोते येथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. त्यासाठी हमाल हवेत. उतारूंना गाडी बदलायची, म्हणून चहा, फराळ, मुक्कामाची सोय हवी. इंजिने दुरुस्त करायला कारखाना हवा, कामगारांना घरे हवीत. एका गैरसोयीने शेकडो चुली पेटवल्या. आषाढी-कार्तिकीला तर फलाटावर पाय ठेवायला जागा नसे. वारी पायीच करावी हे खरे. पण गुडघे थकलेल्या आजीला आणि कडेवर लेकरू असलेल्या सुनेला विठोबाचे पाय दाखवले ते या छोट्या गाडीनेच.

1954 च्या 1 जानेवारीला कंपनीचा मार्ग सरकारने आपल्याकडे घेतला. पुढे 2001 पासून दहाएक वर्षांत पंढरपूर, लातूर आणि मिरज या तिन्ही दिशांचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले. छोटी गाडी गेली. तिच्यासाठी उभारलेला कारखाना मात्र त्यानंतरही चालू राहिला.

छोट्या गाडीच्या आठवणीने आम्हां जुन्या बायकांचे डोळे भरून येतात. परंतु खरे बोलायचे तर अपरात्री पोर झोपेतून उठवून, डोक्यावर बोचके घेऊन गाडी बदलणे यात सुख कसले? ती दगदग संपली, हे चांगलेच झाले. खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कॅलथ्रॉपचे नाव पुस्तकांत राहिले, इंजिनांची मापेही राहिली. पण ज्यांच्या पाठीवरून तो माल इकडचा तिकडे गेला त्या हमालांची, आणि रात्रपाळीच्या कामगारासाठी पहाटे तीनला भाकरी थापणाऱ्या त्यांच्या घरच्यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

ती वही आपणच घालूया. प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्धेला बोलते करावे आणि ती सांगेल ते दोन पाने लिहून मंडळात आणून द्यावे. छोटी गाडी पाहिलेली माणसे आता दरवर्षी कमी होत आहेत. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत एवढे काम झाले, तर आपल्या स्टेशनाचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येईल.