खाणीतल्या कामगाराला सोलरचं काम जमेल का? कोर्स कुठला, कोणाला मिळतो अन् पुढं काम किती

चंद्रपूर, वणी : एकीकडं वेकोलिच्या जुन्या भूमिगत खाणी बंद होत चालल्या, दुसरीकडं गावागावात छतावर अन् शेतात सोलर दिसायला लागलं. खाणीतल्या माणसाला हे काम शिकवलं तर त्याचं घर चालेल का, हा प्रश्न म्हणूनच निघतो.

आधी प्रश्न कोणाचा आहे ते पाहू. कायम कामगाराची खाण बंद झाली तरी सहसा त्याची दुसऱ्या खाणीत बदली होते. मे २०२३ च्या वेतन करारात त्याला १९ टक्के वाढ मिळाली. तो पगार सोडून तो सोलरकडं जाणार नाही, जाऊही नये. अडचण आहे ठेकेदाराकडच्या डंपर चालकाची, हेल्परची. अन् बापानं जमीन दिली पण नोकरी एकाच भावाला लागली, त्या दुसऱ्या भावाची.

केंद्र सरकारचा 'सूर्यमित्र' कोर्स २०१५ पासून आहे. गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था तो चालवते. मूळ कोर्स ६०० तासांचा, म्हणजे साधारण ३ महिन्यांचा. फी नाही, राहणं-खाणं मोफत. कोणी या कोर्ससाठी पैसे मागत असेल तर सावध व्हा. अट मात्र दहावी अन् आयटीआयची : इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असे ट्रेड. बारा वर्षं डंपर चालवलेला गडी दहावी नापास असला की इथंच अडकतो.

खाणीतला इलेक्ट्रिशियन अर्धा शिकलेलाच असतो. केबल जोडणं, अर्थिंग, पंपाची मोटर, परमिट घेतल्याशिवाय लाइनला हात न लावणं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. नवीन शिकायचं ते डीसी करंट. एसी लाइनचा मेन स्विच पाडला की पुढं करंट जात नाही. सोलर प्लेटचं तसं नाही. ऊन आहे तोवर ती करंट तयार करतच राहते, अन् मोठ्या प्रकल्पात ओळीनं जोडलेल्या प्लेटांचं व्होल्टेज हजाराच्या घरात जाते. "खाणीत ३३०० व्होल्ट पाहिलं, हे काय" म्हणणाऱ्यानं हे आधी डोक्यात ठेवावं.

आता कामाचं गणित. प्रकल्प उभारताना माणसं भरपूर लागतात : जमीन सपाट करणं, खांब गाडणं, प्लेटा बसवणं. डंपर, जेसीबीवाल्यालाही काम मिळते. पण काही महिन्यांत ते संपते. मागं उरते गवत काढणं, प्लेटा धुणं, राखण अन् एखाददुसरा टेक्निशियन. एका मेगावॅटला ४-५ एकर जमीन जाते, कायमची माणसं मात्र बोटावर मोजण्याइतकी. खाणीएवढे हात यात लागत नाहीत, हे कोणी स्टेजवरून सांगत नाही.

त्यापेक्षा टिकाऊ काम छतावरचं अन् पंपाचं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये सबसिडी आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा ५ टक्के. या पंपाची दुरुस्ती ५ वर्षं पुरवठादार कंपनीकडं असते, म्हणून कंपनीला तालुक्यात हाताशी माणूस लागतो. आयटीआय झालेल्या पोरानं आधी तिथं विचारावं.

काम बदलताना एक गोष्ट बरेच जण विसरतात. खाणीत ठेक्यावर असताना पीएफ कोळसा खाण भविष्य निधीत, म्हणजे सीएमपीएफमध्ये जातो. सोलर कंपनीत गेलं की ईपीएफ. ही दोन खाती वेगळी. ठेकेदाराकडून सीएमपीएफ नंबर अन् पगाराच्या स्लिपा काम सोडण्याआधीच घ्याव्यात. ठेका संपला की ठेकेदार सापडत नाही.