काळे तेल, लखलखीत झीज

प्रस्तावना

डिझेल इंजिनात नवे तेल भरावे, चार-आठ दिवसांनी गेज काढून पाहावी, तर ती काळीकुट्ट. मालकाला वाटते, तेल बनावट निघाले. मेस्त्री म्हणतो, जुने तेल चेंबरच्या तळाशी राहिले होते, त्याने रंग दिला. मेस्त्रीचे थोडे बरोबर असते, मालकाचे सहसा नसते. त्या काळेपणाचा बराचसा भाग म्हणजे तेल आपले काम नीट करत असल्याची खूण. आणि काजळीने पोलाद खरोखर झिजते तेव्हा कॅमचा उंचवटा किंवा रॉकरचे टोक खरबरीत होत नाही, आरशासारखे लखलखू लागते. डोळ्यांना खराब दिसते ते पुष्कळदा ठीक असते आणि सुंदर दिसते ते गेलेले असते. या विषयात नव्याने येणाऱ्याचे स्वागत मी याच उलटेपणाने करतो, कारण पुढची सगळी प्रकरणे त्याच्याभोवती फिरतात.

काजळी कुणाला नवी नाही. समईची वात जास्त पुढे सारली की ज्योत धुरावते आणि वर धरलेल्या वाटीला काळा थर चढतो. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली; ज्योतीचा उजेड तिच्यातल्या तापलेल्या कार्बनकणांचा असतो, हे त्यांनी तिथे दाखवले. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरात तेच घडते, फक्त मिनिटाला शेकडो वेळा. साध्या पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा आधी मिसळतात, मग ठिणगी पडते. डिझेलमध्ये दाबाने तापलेल्या हवेत नोझल फवारा मारते आणि मिसळणे व जळणे एकदमच चालते. फवाऱ्याच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे इंधनाचे रेणू तुटतात, त्यांतून कार्बनच्या कड्यांची संयुगे बनतात, ती वाढत जाऊन घट्ट गोळ्या होतात. एक गोळी साधारण २० ते ४० नॅनोमीटरची. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा दोनएक हजार ओळीने मावतील.

जन्मलेली बहुतेक काजळी पुढच्याच क्षणी सिलिंडरात जळून जाते. उरलेली बरीचशी सायलेन्सरवाटे बाहेर पडते. पण थोडी लायनरच्या भिंतीवरच्या तेलात रुतते, कारण गरम वायूत तरंगणारा बारीक कण थंड पृष्ठभागाकडे आपोआप ढकलला जातो. रिंगा ते तेल खरवडून खाली आणतात आणि चेंबरमधल्या तेलात काजळी दिवसेंदिवस साठत जाते.

साठली म्हणून लगेच बिघडत नाही. बिघडते ती एकमेकींना चिकटू लागली की. गोळ्यांचे झुपके, झुपक्यांचे जाळे, मग तेल घट्ट, फिल्टर तुंबलेला. हे टाळण्यासाठी तेलात डिस्पर्संट घालतात. त्याच्या रेणूचे एक टोक काजळीला बिलगते आणि दुसरे लांब शेपूट तेलात पसरते, त्यामुळे दोन कण जवळ येऊ शकत नाहीत. पोथीच्या शाईत डिंक नेमके हेच काम करी. दिव्याची काजळी नुसत्या पाण्यात ढवळली तर ती वेगळी होऊन बसते. डिंकाबरोबर तासन् तास घोटली की वर्षानुवर्षे टिकणारी शाई होते. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली ते नेवासे आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातले. शके १२१२ ची ती गोष्ट. काजळी द्रवात सुटी ठेवण्याची विद्या म्हणजे काही कालच्या तेल कंपन्यांचा शोध नव्हे, एवढेच मला सुचवायचे आहे. गेज काळी दिसते ती या सुट्या ठेवलेल्या काजळीमुळे. तेल स्वच्छ दिसले असते तर ती काजळी कुठेतरी गाळ होऊन बसली असती.

आता झीज. कॅम आणि टॅपेट जिथे टेकतात तिथे तेलाचा पापुद्रा मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. काजळीचा झुपका त्याच मापाचा, कित्येकदा मोठा. म्हणजे पोलादावर पोलाद सरकताना मधे काजळी सापडणारच. अशा जागी पोलादाला वाचवते ते तेल नव्हे, तेलातले झेडडीडीपी नावाचे रसायन. जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचे हे संयुग १९४० च्या दशकात तेल आंबू नये आणि बेअरिंग गंजू नयेत म्हणून आले. ते झीजही रोखते हे नंतर कळले. घर्षणाच्या जागी ते धातूशी क्रिया करते आणि काचेसारखा फॉस्फेटचा थर बसवते. थर शंभरएक नॅनोमीटरचा, पण इंजिनाचे आयुष्य त्याच्यावर तोललेले असते.

काजळी या थराचे काय करते, हा या क्षेत्राचा गाभ्याचा प्रश्न. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतले फ्रेड राउंड्स यांनी १९७७ मध्ये तो सरळ विचारला आणि उत्तर दिले की, काजळी झेडडीडीपीपासून बनणारे उपयोगी पदार्थ स्वतःच शोषून घेते, धातूपर्यंत पोचूच देत नाही. दुसरा पक्ष म्हणाला, इतके आडवळण कशाला? काजळी कठीण आहे, ती सरळ घासते. पॉलिश पेपर घासतो तशी, म्हणून तर चकाकी येते. तिसऱ्यांचे म्हणणे, झुपके सांध्याच्या तोंडाशी अडकतात आणि तेल आत शिरत नाही. या मतांवर दशकानुदशके प्रबंध निघाले आणि प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही पुरावा सापडत गेला.

मग लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये ह्यू स्पाइक्स यांच्या गटाने एक साधी तुलना केली. काजळीसारखा कार्बन ब्लॅक घातलेले दोन नमुने, एकात झेडडीडीपी, एकात नाही. अपेक्षा अशी की झेडडीडीपी असलेल्यात झीज कमी होईल. झाली जास्त. त्यांचा अर्थ असा: रसायन धातूवर आधी लोह आणि गंधकाचा कोवळा थर बसवते, त्यावर पुढे फॉस्फेट चढायचे असते. काजळी तो कोवळा थर लगेच खरवडते, नवे लोखंड उघडे पडते, रसायन पुन्हा थर बसवते, काजळी पुन्हा खरवडते. दर फेरीला थोडे लोखंड जाते. रक्षकच झिजीचे साधन होतो. मला हे स्पष्टीकरण सर्वांत पटते, कारण झीज इतकी भरभर का होते आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत का राहतो, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र बसतात. तरी एक सावधपणा हवा. कार्बन ब्लॅक म्हणजे इंजिनातली काजळी नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संजय बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिझेलच्या खऱ्या काजळीची रचना आणि रसायन यांचा पोलादाच्या वंगणावर काय परिणाम होतो, हे तपासले. इंधन बदलले, ज्वलन बदलले की काजळीचा स्वभाव बदलतो, हे नवशिक्याने पक्के लक्षात ठेवावे.

तेलाच्या डब्यावर सीएच-४, सीआय-४ अशी अक्षरे असतात. ती पहिली १९९८ ची, दुसरी २००२ ची, आणि दोन्हींच्या मागे अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर धावणाऱ्या ट्रकची इंजिने आहेत. मॅक कंपनीच्या टी-८ चाचणीत तेलात ३.८ टक्के काजळी झाल्यावर ते किती घट्ट झाले हे मोजतात; तिच्या पुढच्या रूपात ४.८ टक्क्यांवर. कमिन्सच्या एम-११ चाचणीत व्हॉल्व्हच्या क्रॉसहेडची झीज वजनाने मोजतात. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी फवारा उशिरा मारणे आणि जळका वायू पुन्हा आत घेणे सुरू झाले, त्याने तेलातली काजळी वाढली, म्हणून या चाचण्या कडक होत गेल्या. उत्तम काम आहे ते. पण त्यात आमचा ट्रॅक्टर नाही.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे कसा? प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला, तेव्हापासून या जिल्ह्याचा हिवाळा उसाच्या वाहतुकीचा असतो. दोन ट्रॉल्या, वर मापाबाहेर भरलेला ऊस, चढाला इंजिन दबते, फेरे कमी आणि डिझेल जास्त. ड्रायव्हरला ताकद हवी म्हणून पंपाचे डिझेल आधीच वाढवून घेतलेले. काळा धूर निघतो तो न जळलेल्या कार्बनचा, आणि जितका वर दिसतो त्याच्या हिशेबात काही खाली तेलातही उतरतो. मग कारखान्याच्या गव्हाणीबाहेर रांग. तिथे पुष्कळ जण इंजिन चालूच ठेवतात. थंड इंजिन निवांत फिरत राहते, रिंगा नीट बसत नाहीत, तेलात काजळीबरोबर कच्चे डिझेलही उतरते आणि घट्ट होऊ पाहणारे तेल पातळ होते. दोन बिघाड एकमेकांना झाकतात. बोटांवर चोळून तेल ‘बरे’ वाटते ते यामुळे. त्यातच काळ्या मातीच्या गाडीवाटेची धूळ. धुळीतल्या गारेचा कण काजळीच्या गोळीपेक्षा शेकडो पट मोठा. तो ओरखडे काढतो, काजळी घोटते. एकाच लायनरवर दोन्ही खुणा सापडल्या तर नवल नाही.

ट्रकना १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले. ट्रॅक्टरचा पुढचा टप्पा १ जानेवारी २०२३ ला आला, तोही ५० अश्वशक्तीच्या वरच्यांना. म्हणजे शेतातली बहुतेक इंजिने अजून जुन्या घडणीची आहेत आणि बराच काळ राहतील. वाहन तपासणीची मोठी यंत्रणा असलेली संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था नगरलाच आहे. रणगाड्यांचे शिक्षण देणारे केंद्रही इथलेच. इंजिनाची भाषा समजणारी माणसे या शहरात कमी नाहीत. उसाच्या रांगेतल्या तेलाकडे मात्र विषय म्हणून फारसे कुणी पाहत नाही, याचे मला वाईट वाटते.

मोजमापाची साधने पुढच्या भागात आहेत, इथे फक्त त्यांची ओळख. इन्फ्रारेड यंत्र २००० सेंटिमीटर-उलट अंकाच्या आसपास किती प्रकाश अडला यावरून काजळी सांगते. स्पेक्ट्रोमीटर लोह, शिसे, तांबे आणि सिलिकॉन मोजतो. लोह वाढले आणि सिलिकॉन तसेच राहिले तर धुळीवर आळ घेता येत नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने १९४० च्या दशकात ही रीत सुरू केली आणि आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ती रुळली. सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे गाळण कागद. गरम तेलाचा एक थेंब त्यावर टाकून रात्रभर ठेवा. काळेपणा कडेपर्यंत हलका होत पसरला तर डिस्पर्संट जिवंत आहे. मधोमध कोळशासारखा ठिपका आणि त्याला धारदार कड दिसली, तर तेलाचे तास शिल्लक असले तरी ते बदला.

एखाद्या तंत्रनिकेतनातल्या मुलांनी एका गळीत हंगामात वीस-पंचवीस ट्रॅक्टरचे नमुने ठरावीक तासांनी घ्यावेत. भार, रांगेतले तास, पंप वाढवला आहे की नाही, एअर फिल्टर कधी साफ केला, हे वहीत लिहावे. काजळी आणि धूळ एकाच तेलात असताना कोवळा थर कोण आधी खरवडते, याचे उत्तर पुढच्या कुठल्याही प्रकरणात मिळणार नाही. त्या वहीत मिळू शकेल.