सातवा सोनाटा, सात मात्रा

कोट अंगातच राहू द्या. 18 जानेवारी 1943. मॉस्कोत ब्लॅकआउट आहे. बर्फ तुडवत, भिंतीला हात लावत तुम्ही हाउस ऑफ युनियन्सपाशी पोचता. एके काळी हा सरदार-उमरावांचा क्लब होता. 1936 ते 1938 या वर्षांत स्टालिनचे ते जाहीर खटले याच इमारतीत चालले आणि इथे उभ्या राहिलेल्या कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या. आज इथे पियानो ठेवलाय.

शेजारी लष्करी कोटातली एक बाई बसली आहे. तिचं लक्ष समोर आहे, पण मन इथे नाही. लेनिनग्राडला वेढा पडून सोळा महिने उलटलेत. तो आजच फुटलाय. बातमी मात्र रेडिओवर रात्री उशिरा यायची आहे. तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. सांगू नका.

स्व्यातोस्लाव रिख्टर येतो. सत्तावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा. सर्गेई प्रोकोफिएवचा हा नवा सोनाटा त्याने चार दिवसांत बसवलाय. त्याचे गुरू हाइन्रिख नॉयहाउस यांना 1941 मध्ये अटक झाली. आता ते उरलकडे हद्दपारीत आहेत. रिख्टरचे वडील जर्मन वंशाचे. ओडेसात, ऑक्टोबर 1941 मध्ये, त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या.

पहिला भाग सुरू होतो आणि पियानोचा ताशा होतो. कोरडे, तुटक ठोके. मधेच एक एकाकी सूर वाट चुकल्यासारखा भटकतो, तोवर पुन्हा ठोके. सभागृहात सगळ्यांना यात रणगाडे ऐकू येतात, आणि ते साहजिक आहे. स्टालिनग्राडची लढाई अजून संपलेली नाही. पण तुम्ही जरा मागे जा. प्रोकोफिएवने हे काम हाती घेतलं 1939 साली, हिटलरची फौज रशियात शिरण्याच्या दोन वर्षं आधी. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा रंगकर्मी मित्र मेयरहोल्ड पकडला गेला. प्रोकोफिएवचा नवा ऑपेरा तो बसवणार होता. महिन्याभरात मेयरहोल्डच्या बायकोचा घरातच भोसकून खून झाला. फेब्रुवारी 1940 मध्ये त्यालाही संपवलं. याला सगळे युद्ध-सोनाटा म्हणतील, म्हणोत. मला यात त्याआधीची, दाराबाहेरच्या पावलांची भीती ऐकू येते.

दुसऱ्या भागात सूर अचानक ऊबदार होतो, अंगाईइतका. त्या उबेवर विसंबू नका. ती फुगत जाते, तिचा आक्रोश होतो, आणि मग उरतात फक्त दोन शेजारचे स्वर, घंटेसारखे, वर-खाली, वर-खाली. शेजारच्या बाईचे हात मांडीवर घट्ट मिटलेत.

आणि शेवटचा भाग. सात मात्रा! रूपक ताल तुमच्या कानात मुरलेला आहे, पण तिथले तीन-दोन-दोन इथे नाहीत. इथे दोन-तीन-दोन आहेत. डाव्या हातातले खालचे स्वर तेच ते, तेच ते, थांबायचं नावच नाही. समेला टेकावं म्हणता तोवर पुढचं आवर्तन खेचून नेतं. जेमतेम साडेतीन मिनिटं. हा विजय आहे की नुसतं धावत राहणं? मी कितीदा ऐकलंय, आणि दर वेळी शेवटच्या स्वरांना माझा श्वास अडकतो.

टाळ्या. लोक प्रोकोफिएवला मंचावर बोलावून घेतात. तिबिलिसीत गेल्या वर्षी त्याने हे पुरं केलं. याच वर्षी त्याला याबद्दल स्टालिन पारितोषिक मिळेल, त्याच स्टालिनच्या नावाचं.

खुर्च्या रिकाम्या होतात. ती बाई गळपट्टा गुंडाळून अंधारात निघून जाते. मागे राहतात ते बहुतेक संगीतकार. ते रिख्टरला म्हणतात, सगळा सोनाटा पुन्हा वाजव.

तुम्हीही थांबा. थोडं पुढे, त्याचा डावा हात दिसेल असे बसा. तो पुन्हा पियानोशी येतो, स्टूल किंचित सरकवतो.