नकाशावरचे शून्य

पृथ्वीचे कवच मोठमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे. ते एकमेकांना रेटतात, अडकतात. वर्षानुवर्षे साठलेला ताण खडकाला पेलेनासा झाला, की तो भ्रंशावर एकदम सरकतो आणि जमीन हादरते. म्हणून बहुतेक भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात: जपान, इंडोनेशिया, चिली अशा प्रशांत महासागराच्या काठांवर, किंवा भूमध्य समुद्रापासून हिमालयापर्यंतच्या पट्ट्यात.

दख्खन या कडांपासून दूर. भारतीय मानक संस्थेने १९६२ साली भूकंपविभागांचा नकाशा केला, त्यात ० ते ६ असे विभाग होते. दख्खनचा मोठा भाग शून्यात होता. जुने नकाशे क्रमाने पाहताना मी या शून्यापाशी थबकलो. ते शून्य धोक्याचे नव्हते, नोंदींचे होते.

कोयनेच्या शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि परिसरात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. जलाशयाच्या पाण्याचा दाब आणि भेगांत झिरपणारे पाणी यांमुळे आधीच ताणलेला भ्रंश सरकला, असे मानले जाते. १९७०च्या नकाशातून शून्य विभाग हद्दपार झाला आणि कोयना चौथ्या विभागात गेली.

किल्लारी मात्र पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात राहिली. १९९२मध्ये तिथे धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जन करून माणसे झोपली असताना, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनेत बळी दोनशेच्या आसपास होते, इथे हजारो. जाड दगडी भिंती, त्यांत नुसती माती आणि वर मातीचे जड माळवद: उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरेच माणसांवर कोसळली.

२००२ साली पहिला विभागही रद्द झाला. किल्लारी तिसऱ्यात गेली. दोन्ही वेळा भूकंप आधी झाला, नकाशा मागून बदलला. माझ्या मते, या इतिहासाचा धडा घरबांधणीपाशी येतो. पुढचा धक्का कधी बसेल, हे कोणताही नकाशा सांगत नाही. भिंतीचे दगड सांधणारा आडवा लांब दगड आणि चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा मात्र आपल्या हातात आहे.