दोन वर्षांनंतरचा दरवाजा

मागच्या रमजानात कॅलिफोर्नियाहून मावसबहिणीचा फोन आला. मुलगा बारावीनंतर कम्युनिटी कॉलेजात जातो, हे सांगताना तिचा आवाज खाली गेला. नातेवाइकांना ती नुसतं "कॉलेजला आहे" एवढंच सांगते. मग म्हणाली, "आपा, दोन वर्षांनी याला बर्कलीला कम्प्युटर सायन्सला घेतील ना?"

चान्स किती, हे मी कसं सांगणार? पण त्या लाजेबद्दल मला बोलायचं होतं, म्हणून जरा इतिहास चाळला.

ही कॉलेजं नापासांसाठी निघालेली नाहीत. 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज सुरू झालं. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा विचार होता: पदवीची पहिली दोन वर्षं विद्यार्थ्याने गावातच करावीत आणि पुढची विद्यापीठात. 1907 मध्ये कॅलिफोर्नियाने हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची कायद्याने परवानगी दिली आणि 1910 मध्ये फ्रेझ्नोत तसं कॉलेज उभं राहिलं.

खरा करार झाला 1960 साली. क्लार्क केर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. युद्धानंतर जन्मलेली पोरं कॉलेजच्या वयाला येत होती आणि एवढ्यांना सामावणार कुठे, हा प्रश्न होता. तेव्हाच्या 'मास्टर प्लॅन'ने आधी दरवाजे अरुंद केले. विद्यापीठ हायस्कुलातल्या वरच्या साधारण 15 टक्क्यांना घेत असे, ते साडेबारावर आणलं. राज्य कॉलेजं वरच्या निम्म्यांना घेत, ती एक तृतीयांशावर आली. उरलेल्या सगळ्यांना ज्युनिअर कॉलेज खुलं. याच्या बदल्यात वचन दिलं गेलं: चांगले गुण मिळवा, तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जागा मिळेल. ती जागा रिकामी राहावी म्हणून विद्यापीठाने खालच्या दोन वर्षांत 40 आणि वरच्या दोन वर्षांत 60 टक्के विद्यार्थी ठेवावेत असं ठरलं. मला हा आकडा फार आवडला. नुसती सदिच्छा नव्हती, बाकं मोजून ठेवली होती!

अर्थात पुढे पैशाची ओढाताण झाली. 1978 च्या 'प्रपोझिशन 13'ने मालमत्ता कराला लगाम घातला, आणि तोवर मोफत असलेल्या या कॉलेजांत 1984 पासून सत्राला 50 डॉलरपर्यंत फी लागली. तरी वाट बंद झाली नाही. 1985 पासून 'असिस्ट' नावाची नोंद-यंत्रणा आहे. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो, ते तिथे कळतं.

पण ते वचन विद्यापीठाचं होतं, एखाद्या विभागाचं नव्हे. विद्यापीठाच्या नऊ पदवी कॅम्पसांपैकी सहा जण अटी पुऱ्या करणाऱ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात, तीही काही शाखा वगळून. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो ही हमी देत नाहीत. कम्प्युटर सायन्सची जागा सगळ्यांनाच हवी असते. त्यामुळे विद्यापीठात येण्याचा एकूण चान्स बरा दिसला तरी त्या शाखेतला खूपच कमी असतो. कॅल्क्युलस, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग यांतला ठरलेला एक पेपर राहून गेला तर उत्तम गुणही उपयोगी पडत नाहीत.

आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं असतात. माझ्या उर्दू माध्यमाच्या वर्गातली कितीतरी त्याच वाटेने गेली. त्यांच्या आयांनी कधी आवाज खाली केला नव्हता.

बहिणीला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलाने आजच काउन्सेलरसमोर बसून, त्याला हव्या असलेल्या प्रत्येक कॅम्पसच्या त्या शाखेची विषययादी वेगळी काढावी. दुसरी, हमी देणाऱ्या कॅम्पसपैकी एकाचा अर्ज नक्की भरावा. तिथे ही शाखा हमीत नसेल, तर तिच्या जवळची कोणती आहे ते पाहावं.

तिने विचारलं, "आणि बर्कली?"

"बर्कलीलाही भरू दे," मी म्हटलं. "पण एकट्या बर्कलीला नको."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मुलालाच हाक मारून फोन त्याच्या हातात दिला.