हुडहुडी भरली तेव्हा

सविता हलप्पनवार बेळगावची. वय ३१, दंतवैद्य, आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात नवऱ्यासोबत राहणारी. पहिलटकरीण, सतरावा आठवडा. ऑक्टोबर २०१२ मधला तिचा शेवटचा आठवडा चौकशी अहवालांत तासागणिक नोंदलेला आहे.

रविवार, २१ ऑक्टोबर, सकाळी ९.३५ : पाठ दुखते म्हणून ती गॉलवे युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये जाते. तपासून घरी पाठवतात.

दुपारी ३.३० : ती परत येते. खाली काहीतरी सरकल्यासारखं वाटतंय, म्हणते. गर्भ टिकणार नाही, हे स्पष्ट होतं. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या. त्या रिपोर्टचा पाठपुरावा कुणी करत नाही.

सोमवार, रात्री १२.३० : पाणमोट फुटते. जंतुसंसर्गाला वाट मोकळी. यापुढे दर चार तासांनी ताप, नाडी, रक्तदाब पाहायचा, असा रुग्णालयाचाच नियम. तो पाळला जात नाही.

मंगळवार : सविता गर्भपात करून मागते. गर्भाचे ठोके सुरू आहेत, कायद्याने करता येत नाही, असं उत्तर मिळतं. एक सुईण तिला हा देश कॅथलिक असल्याचं ऐकवते. पुढे मृत्युचौकशीत तिने ते मान्य करून खेद व्यक्त केला. आपण आयरिशही नाही आणि कॅथलिकही नाही, असं सविताने सांगितल्याचं तिच्या नवऱ्याचं म्हणणं.

बुधवार, पहाटे ४.१५ : हुडहुडी भरते, दातावर दात आपटतात. पांघरूण आणि पॅरासिटामॉल मिळतं.

सकाळी ६.३० : ताप ३९.६ अंश सेल्सियस, म्हणजे १०३ फॅरनहाइटच्या वर. नाडी १६०. स्रावाला दुर्गंधी.

सकाळी ८.२५ : वरिष्ठ डॉक्टर राउंडला येतात. दुर्गंधीची नोंद केसपेपरवर असते, त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुपारी १ च्या सुमारास : सेप्टिक शॉक.

३.१५ : ऑपरेशन थिएटरमध्ये मृत गर्भ आपोआप बाहेर येतो.

गुरुवार, पहाटे ३ : आयसीयू.

रविवार, २८ ऑक्टोबर, रात्री १.०९ : सविता जाते.

एप्रिल २०१३ मध्ये मृत्युचौकशीतल्या ज्यूरीने ‘मेडिकल मिसॲडव्हेंचर’, म्हणजे वैद्यकीय दुर्घटना, असा निकाल दिला. आरोग्यसेवेच्या नियामक संस्थेने तिला कदाचित वाचवता आलं असतं अशा, हुकलेल्या १३ संधी मोजल्या. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडमधल्या ६६.४ टक्के लोकांनी गर्भपातबंदीचं घटनेतलं कलम काढायला कौल दिला. कायदा बदलला, पण तापाचा तक्ता भरायला कायदा कधीच आडवा आला नव्हता.

बेळगावची लेक तिथे परकी होती. तळेगाव एमआयडीसीत, लोणावळ्याच्या बांधकामांवर परप्रांतातून आलेल्या बायका आपल्या मावळात परक्या आहेत. त्यांची भाषा वेगळी, सोबतीला माहेरचं कुणी नाही. मावळातल्या प्रत्येक डॉक्टरला, नर्सताईला, आशाताईला हात जोडून सांगणं आहे : अशा गरोदर बाईने थंडी वाजते म्हटलं, की पांघरूण जरूर द्या, पण त्याआधी थर्मामीटर लावा, नाडी मोजा आणि आकडा वरिष्ठांच्या कानावर घाला.