साठा, उपसा आणि खप

नैसर्गिक वायूची बातमी आली की तीन शब्द एकमेकांचा हात धरून येतात: साठा, उत्पादन आणि खप. अमक्या देशाकडे इतका साठा, वर्षाचे इतके उत्पादन, इतका खप. आकडे दरवर्षी बदलतात, शब्द तेच राहतात. यातला मधला शब्द मला खटकतो. तो का खटकतो हे नीट समजायचे तर वर्ध्याला यावे लागते, कारण साठ्यावर जगणे आणि पिकावर जगणे यांतला फरक आपल्याकडे सगळ्यांत नेटाने मांडला गेला तो मगनवाडीत, सेवाग्रामच्या उंबरठ्यावर.

पण आधी खुद्द ‘गॅस’. हा शब्द कुठल्या लोकव्यवहारातून आलेला नाही, एका माणसाने तो घडवला. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या परिसरात यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट हा वैद्य आणि रसायनज्ञ होऊन गेला. कोळसा जाळला, द्राक्षरस आंबवला की जे काही निसटून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही, ती निव्वळ हवा नव्हे, हे त्याने ओळखले आणि त्याला नाव दिले ‘गॅस’. ग्रीक ‘खाओस’वरून ते घेतल्याचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. खाओस म्हणजे सृष्टीच्या आधीची निराकार पोकळी. त्याच्या बोलीत ‘ग’चा उच्चार घशातून, खरखरीत ‘ख’सारखा होतो, म्हणून त्याच्या कानाला दोन्ही शब्द जवळचे. त्याचे ग्रंथ मृत्यूनंतर, १६४८ मध्ये मुलाने प्रसिद्ध केले आणि शब्द जगभर गेला.

मराठीत तो आला आणि इतका मुरला की आता त्याला परका म्हणवत नाही. गॅस लाव, गॅस बारीक कर, गॅस संपला, गॅसचा नंबर लावला का, पोटात गॅस धरलाय. शेगडी, टाकी, टाकीतला वायू आणि पोटातला वायू, चौघांना एकच नाव. त्याआधी आली ती गॅसबत्ती. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरलेल्या या बत्तीत रॉकेल असे, तरी नाव गॅसचे. त्याचे मूळ मुंबईच्या रस्त्यांवर आहे. १८६० च्या दशकात तिथे दिवे लागले ते कोळशापासून काढलेल्या वायूवर. तो लालबागेत तयार होई आणि गॅस कंपनीच्या नावाची गल्ली तिथे अजून आहे. झगझगीत उजेड म्हणजे गॅसचा उजेड, ही खूण लोकांच्या मनात बसली आणि पुढे रॉकेलच्या बत्तीलाही तेच नाव चिकटले. तिच्या आतही रॉकेलची वाफ होऊनच जळते, तेव्हा नाव अगदीच चुकलेले नाही.

त्या कोळशाच्या वायूमुळेच ‘नैसर्गिक’ हे विशेषण जन्माला आले. एकोणिसाव्या शतकातला शहरी गॅस कारखान्यात घडवलेला होता. जमिनीतून आपोआप वर येणारा वायू सापडला तेव्हा घडवलेल्यापासून तो वेगळा ओळखावा म्हणून त्याला नैसर्गिक म्हटले गेले. आज घडवलेला कोळसावायू चुलीवरून जवळजवळ नाहीसा झाला आहे, तरी विशेषण उरले. आणि उरले ते एका वेगळ्याच अर्थाने: नैसर्गिक म्हणजे शुद्ध, निरुपद्रवी, असे ऐकणाऱ्याला वाटू लागते.

मराठीत तर ‘नैसर्गिक’ने आणखी एक गंमत साधली आहे. निसर्ग हा शब्द ‘सृज्’ धातूपासून होतो. सृज् म्हणजे सोडणे, बाहेर टाकणे, निर्माण करणे. सर्ग, विसर्ग, विसर्जन, उत्सर्जन हे सगळे याच घरातले. संस्कृतात निसर्गाचा एक जुना अर्थ देणे, सोडून देणे असा आहे आणि मलविसर्जन असाही आहे. आपण आजही ‘नैसर्गिक विधी’ म्हणतो तेव्हा तो अर्थ जिवंत असतो. या हिशेबाने नैसर्गिक वायू या नावावर पहिला हक्क गोठ्यातल्या शेणापासून निघणाऱ्या वायूचा आहे. समुद्राखालून काढलेला वायू आणि शेणातला वायू, दोन्हींतला जळणारा भाग एकच, मिथेन. खालून येणाऱ्या वायूत तो बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा वर, शेणाच्या वायूत साठाच्या आगेमागे, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड.

आता वर्धा. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी वर्ध्याची आपली बाग दिली आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी झाले. गांधीजी १९३६ मध्ये जवळच्या शेगावात राहायला गेले. पुढे त्यांचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम ठेवले. टपालाच्या घोटाळ्यातून इतके नेटके नाव जन्मावे, याचे मला नेहमी समाधान वाटते.

मगनवाडीचा कारभार जे. सी. कुमारप्पा पाहत. तंजावरकडचा हा माणूस परदेशात हिशेबनिसी आणि अर्थशास्त्र शिकलेला. म्हणूनच त्याने सृष्टीकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहिले. त्याचा ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ तुरुंगात लिहिला गेला आणि १९४५ मध्ये बाहेर आला. त्यात त्याने निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग केले. एक साठ्याची संपत्ती: कोळसा, खनिज तेल, धातू. ती मोजकी असते, काढली की घटते. दुसरी प्रवाहाची: वाढत्या झाडाचे लाकूड, वाहते पाणी, जनावरांचे बळ. ती घेतली तरी पुन्हा भरते. वऱ्हाड-वर्ध्याच्या माणसाला हे सांगायचे तर रांजण आणि झिरा असे सांगावे. रांजणातले पाणी ओंजळीगणिक खाली जाते. नदीच्या वाळूत खणलेला झिरा सबुरीने उपसला तर पुन्हा पाझरतो. कुमारप्पांचे पुढचे म्हणणे अधिक कडक होते. साठ्यावर जगणाऱ्या समाजांत साठ्यासाठी चढाओढ लागते आणि चढाओढीतून लढाया होतात. दुसरे महायुद्ध चालू असताना तुरुंगात बसून हे लिहिणाऱ्या माणसाला उदाहरण शोधायला दूर जावे लागले नसेल.

हा विचार मगनवाडीत कागदावर राहिला नाही. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तिथे तयार झाला, धूर बाहेर काढणारी मगनचूल झाली. आणि गंमत पाहा, हे घडत होते ते साठ्याच्या वाटेवरच. वर्ध्याहून वरोऱ्याला गेलेला लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात कोळशासाठीच टाकलेला; त्याचे नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे. त्याच मार्गाने आजही सेवाग्राम स्टेशनातून गाड्या बल्लारपूरकडे वळतात.

कुमारप्पांचा हिशेब पटला की ‘उत्पादन’ टोचू लागते. उत् आणि पद् मिळून हा शब्द झाला. उत् म्हणजे वर, तेव्हा कोणी म्हणेल की जमिनीखालचे वर आणणे हेच तर उत्पादन. व्युत्पत्ती तेवढी वाट देते. पण भाषा व्युत्पत्तीवर थांबत नाही. उत्पत्ती, उत्पन्न, उत्पादक या सगळ्यांत जे नव्हते ते झाले असा भाव आहे. ज्वारीचे उत्पादन होते, दुधाचे होते. अरबी समुद्राखाली कोट्यवधी वर्षांपूर्वी दबलेला वायू आपण उत्पन्न केलेला नाही. मुंबई हायचे क्षेत्र १९७४ मध्ये सापडले, १९७६ पासून तिथले तेल बाहेर येऊ लागले, वायूही उरणच्या किनाऱ्याला लागला. हे काम मोठ्या कसबाचे, जोखमीचे. समुद्रातल्या फलाटांवर राहून ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्या कामाला मराठीत पिढ्यान्‌पिढ्यांचा नेमका शब्द आहे: उपसा.

विहीर उपसतात, गाळ उपसतात, वाळूचा उपसा होतो, नदीवर उपसा सिंचन योजना असते. कष्टसुद्धा आपण उपसतो. उपसा म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उठतो: मग खाली किती राहिले? भूजलाच्या कामात हा प्रश्न शब्दांतच बांधलेला आहे. तिथे उपसा आणि पुनर्भरण ही जोडी बरोबर येते आणि उपसा जास्त झाला तर गावाचे नाव धोक्याच्या यादीत जाते. ‘उत्पादन वाढले’ ही आनंदाची बातमी वाटते. ‘उपसा वाढला’ म्हटले की तीच बातमी वाचताना माणूस क्षणभर थांबतो.

‘साठा’ या शब्दाबद्दलही एक सांगायला हवे. जुन्या छपाईत तो ‘सांठा’ असा अनुस्वारासह दिसतो. धान्याचा साठा म्हटले की कोणीतरी सुगीत भरलेले कोठार डोळ्यांपुढे येते आणि ते पुढच्या सुगीला पुन्हा भरणार हे गृहीत असते. वायूचा साठा भरणारा कोणी नाही. शिवाय अहवालांतला ‘सिद्ध साठा’ म्हणजे जमिनीखाली असलेला सगळा वायू नव्हे. आजच्या किमतीला आणि आजच्या तंत्राने परवडेल इतकाच त्यात धरतात. किंमत चढली, नवे तंत्र आले की साठा कागदावर वाढतो. जगाचा सिद्ध साठा सुमारे १९० लाख कोटी घनमीटर आणि वर्षाचा खप सुमारे ४ लाख कोटी, म्हणजे पन्नास वर्षांच्या आतबाहेर. गेली कित्येक दशके हे उत्तर थोड्याफार फरकाने असेच येत आले आहे. साठ्याचा जवळपास निम्मा भाग रशिया, इराण आणि कतार या तीन देशांत आहे. कुमारप्पांच्या चढाओढीचा नकाशा यातच दिसतो.

साठा आटतो म्हणजे काय, हे बाकूजवळच्या सुरखानी गावात दिसते. तिथले आतेशगाह हे अग्निमंदिर जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या ज्वालांवर उभे राहिले. भारतातले व्यापारी आणि साधू तिथे जात. मंदिराच्या दारांवर देवनागरीत शिलालेख आहेत, गणेशाला नमन आहे, ज्वालाजीचे नाव आहे. आसपासच्या तेलक्षेत्रांतून शतकभर उपसा झाला आणि १९६९ मध्ये तिथली नैसर्गिक ज्योत विझली. आता दिसते ती नळाने आणलेल्या वायूवर जळते.

राहिला खप. मला हा शब्द तिघांत सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. संस्कृत ‘क्षि’ म्हणजे झिजणे, नष्ट होणे. त्याच्या ‘क्षप्’ या रूपातून प्राकृतात आणि तिथून ‘खपणे’त आपण येतो. माल खपतो, शेतात बाई दिवसभर खपते, लढाईत माणसे खपतात. विकले जाणे, राबणे आणि मरणे, तिन्हींना एकच क्रियापद, कारण तिन्हींत काहीतरी सरते. ‘वापर’ हा त्यापुढे सौम्य. तो ‘व्यापार’पासून आला, मूळ अर्थ कामात गुंतवणे. भांडे वापरतात, ते उरते. वायू खपतो. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे ३६ अब्ज घनमीटर वायू जमिनीतून आणि समुद्रातून काढला गेला आणि खप झाला सुमारे ६७ अब्ज घनमीटर. मधली तूट गोठवून द्रवरूप केलेल्या वायूने भरली. तो जहाजांतून येतो, त्यातला काही दाभोळच्या धक्क्यावर उतरतो.

मग उत्पादन म्हणावे असा वायू कोणता? उत्तर गोठ्यात आहे. ‘गोबर’ हा हिंदीतून आलेला शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याचे मराठी भावंड प्रत्येक खेड्यात भिंतीवर थापलेले असे: गोवरी. ब आणि व यांची अदलाबदल एवढाच फरक. गोवरी शेवटच्या प्रवासापर्यंत सोबत करते. अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या, असे आपण म्हणतो. गोवरी जाळली की जळण मिळते आणि खत जाते. ग्रामोद्योगवाल्यांना हीच बोच होती. ज्या भाषेने मैल्याच्या खताला ‘सोनखत’ म्हटले, तिच्या मुलखात शेण चुलीत जावे हे त्यांना सहन होईना.

गोबरगॅसने ही अडचण सोडवली. शेण आणि पाणी सारखे घेऊन कालवायचे. या मिश्रणाला शेतकरी शेणकाला म्हणतो. दहीकाल्यातला काला तोच, कालवण्यापासून झालेला. टाकीत हवेवाचून दीड-दोन महिने तो आंबतो, वायू वर जमतो आणि उरलेले पातळ खत शेतात जाते. एक घनमीटर वायूला साधारण पंचवीस किलो शेण लागते आणि तेवढ्या वायूत जवळपास अर्धा किलो सिलिंडरच्या गॅसइतकी धग असते. जशभाई पटेलांनी १९५० च्या दशकारंभी तरंगत्या लोखंडी झाकणाची टाकी सिद्ध केली, तिला ग्रामलक्ष्मी म्हटले. खादी आयोगाने साठच्या दशकात ती गावोगाव नेली. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडास जोडलेल्या टाकीसाठी जन्म वेचला, पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांनी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारी छोटी टाकी केली.

तरीही अनेक गावांत या टाक्या कोरड्या पडल्या आहेत. बैल गेले, ट्रॅक्टर आला. पाच जनावरांचे गोठे एका गाईवर आले. शेण कालवायचे काम बाईच्याच वाट्याचे राहिले आणि सिलिंडर दारात आल्यावर तिने ते सोडले. धुरात डोळे गमावलेल्या बायकांच्या पिढ्या पाहिल्यावर तिला दोष द्यायला मी तयार नाही.

सध्या मात्र या दोन वायूंची गाठ नव्याने पडते आहे. मुंबईहून नागपूरकडे येणारी वायूची नळवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकली गेली आहे आणि तो महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. दुसरीकडे केंद्राने २०१८ मध्ये शेण, उसाची मळी, शहरी कचरा यांपासून दाबाचा जैववायू करण्याची योजना आणली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे मिळून शब्द होतो ‘सतत’. तन् म्हणजे ताणणे, पसरणे. सतत म्हणजे न तुटता पुढे जाणारे. कुमारप्पांच्या ग्रंथाच्या नावातला टिकाऊपणा याहून नेटका मराठीत आणता येणार नाही. शहरांच्या वायूत हा जैववायू मिसळणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत असून २०२८-२९ पर्यंत त्याचा वाटा ५ टक्के व्हायचा आहे. एकदा एका नळीत शिरले की मिथेनच्या कणाला आपण समुद्राखालून आलो की गोठ्यातून, हे सांगता येत नाही. ते वहीतच लिहावे लागेल, दोन वेगळ्या रकान्यांत: एकाच्या माथ्यावर उपसा, दुसऱ्याच्या उत्पादन.